चार शब्दांची चिनी

मला चिनी भाषेतले एकूण चार शब्द येतात आणि ते चारही मुळात इंग्रजी आहेत.

झालं असं, की आमच्या मुलीच्या, मेघाच्या, कळमेश्वरच्या कारखान्यात चीनहून लिन मॅडम आल्या. प्रशिक्षणासाठी चीनला कोणाला न्यायचं, ते त्याच ठरवणार! मी लगेच मोबाइलवर चिनी शिकायला बसलो. अस्सल चिनी शब्दांना जीभ वळेना. पण आपण जसं हॉस्पिटलचं इस्पितळ केलं, तसं त्यांनीही केलेलं! सोफ्याचं ‘शाफा’, कॉफीचं ‘काफेइ’, चॉकलेटचं ‘छ्याओखली’ आणि निरोपाचं ‘बाइबाइ’. मी तेवढेच उचलले आणि चिनी येते म्हणून कॉलनीभर सांगत सुटलो.

मेघानं मॅडमना जेवायला बोलावलं. ऐन वेळी तिचा फोन.

“बाबा, इथं मशीन बंद पडली. मॅडमले गाडीनं पाठवून राहिली. अर्धा तास सांभाळा, तुम्हाले चिनी येते न!”

मॅडम आल्या. “शाफा!” मी हात दाखवला. त्या हसून बसल्या! “काफेइ?” त्यांनी मान डोलावली! आमची ही दारातच थबकली.

“अहो, तुम्ही तर फाडफाड बोलून राहिले!”

मॅडमनी भाषांतरासाठी मोबाइल काढला, तर मी तो खाली ठेवायला लावला. (घरात मी असताना यंत्र?)

कॉफी पिऊन त्यांनी काहीतरी विचारलं.

“काय म्हणून राहिल्या?” ही म्हणाली.

“कॉफी आवडली!” मी ठोकून दिलं.

दुसरा कप आला. पाहुण्याचा कप आपण रिकामा ठेवत नाही, आणि मॅडम बिचाऱ्या भरलेला ठेवत नव्हत्या. पुन्हा तोच प्रश्न, जरा घाईनं. “छ्याओखली?” मी म्हटलं. त्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. हिनं तिसरा कप भरला! तो संपवून त्या उठल्या आणि एकेक दार न्याहाळू लागल्या.

“घर पसंत पडलं,” मी सांगितलं, पण मला घाम फुटला होता. शब्द एकच उरला होता. तो मी हात जोडून म्हटला.

“बाइबाइ!”

मॅडम धावतच बाहेर पडल्या आणि शेजारच्या कमलताईंच्या घरात शिरल्या. मेघाचं चीन गेलं! मी मटकन शाफ्यावर बसलो.

पाच मिनिटांनी कमलताई त्यांना हात धरून घेऊन आल्या.

“काहून जी भाऊ, कॉफीवर कॉफी पाजून राहिले? बाईले बाथरूमले जायचं होतं! चेहरा पाहूनच समजते न!”

(कमलताईंना चिनीचा एक शब्दही येत नाही.)

तेवढ्यात मेघा आली. मोबाइलवरच्या भाषांतरातून मॅडमकडून सगळी हकीकत ऐकून ती आधी लाल झाली, मग मॅडमसकट पोट धरून हसली. पुढच्या आठवड्यात तिचं नाव यादीत लागलं. या घरात कोणालातरी चिनी येणं फार गरजेचं आहे, असं मॅडमचं मत पडलं म्हणे.

विमानतळावर मेघानं बॅग उचलली. मी कसंबसं म्हटलं, “बाइबाइ!”

“थांबा बाबा,” मेघा म्हणाली, “मी आधी बाथरूमले जाऊन येते!”