निवडुंगाचा पंचनामा

आमच्या साडूंइतका प्रामाणिक माणूस या पृथ्वीवर झाला नाही, आणि झाला असलाच तर त्याला इतके लोक मिळून हसले नसतील. त्यांच्या गमती मी आयुष्यभर सांगत आलो. लग्नांत सांगितल्या, बसस्टँडवर सांगितल्या, एकदा तर दातांच्या डॉक्टरला तोंड उघडं ठेवून सांगितल्या. फक्त वाळवंटातल्या निवडुंगबागेची गोष्ट निघाली की मी पाणी प्यायला उठायचो. ती गोष्ट बाकीचे सांगायचे, आणि चुकीची सांगायचे. मी पाण्याचा पेला धरून ऐकायचो, पण कधी दुरुस्त केली नाही. आता वय ऐंशीला टेकलं आहे, आणि खरी गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अहेरीकडे जंगलखात्यात नाकेदार होते, म्हणजे वनरक्षक. मी आरमोरीला शाळामास्तर. आम्ही एकमेकांना साडभाऊ म्हणायचं असा रिवाज, पण ते मला 'गुरुजी' म्हणत, आणि असं म्हणत की आपण आत्ताच एखादं चुकीचं गणित फळ्यावर लिहिलं आहे की काय असं वाटावं. जंगलातून घरी निघताना ते नाक्यावर बूट काढून झटकायचे, कारण बुटात अडकलेलं पान सरकारचं. सागाच्या मुलखात राहून त्यांच्या घराची दारं लोखंडी, खाट लोखंडी, बसायला दगड. मेहुणीबाई म्हणायच्या, "जंगलवाल्याच्या घरी देल्लं बापानं, अन् लाकडाची पळी पाह्याले मले माहेरी जा लागते."

खिशात कायम एक टेप. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, त्यामुळे साडू कोणाच्याही छातीला टेप लावत. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी चहा येण्याआधीच मोजलं, मागून पुढून पाहिलं आणि जाहीर केलं, "सरळसोट हाय. फाटे नाई. देऊन टाका." लग्न झालं, आणि संसारही सरळसोट चालला आहे. मला मात्र ते दर दिवाळीत मोजायचे आणि मान हलवायचे. "गुरुजी, घेर भरला तुमचा. कटाईले आले."

आमच्याकडे अहेरीहून चारोळी यायची, तीही वाहतूक परवान्यासह. जंगलातला माल पासशिवाय हलत नाही, मग तो मेहुणीबाईंनी वाटीभर वाळवून बहिणीसाठी दिलेला का असेना. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते स्वतः पास लिहायचे: माल चारोळी, मार्ग आष्टी, मुक्काम आरमोरी, मुदत तीन दिवस. एकदा आम्ही पाचव्या दिवशी खीर केली आणि मी ते फोनवर बोलून बसलो. पलीकडे त्यांनी दिवस मोजले. मग आवाज आला, "मुदत सरल्यावर खाल्ली म्हणता. काऊन खाल्ली?"

कापलेली वस्तू दिसली की ती कोणी आणि कशाने कापली हे ते सांगत. खुंट पाहून कुऱ्हाड कोणत्या गावची आणि कुऱ्हाडवाला डावरा की उजवा, हे त्यांना कळायचं. ही विद्या घरीही सुटत नसे. आमच्याकडे जेवण झाल्यावर बशीतली सुपारी उचलून निरखायचे आणि म्हणायचे, "आज सुपारी बाईनं कातरली. गुरुजीच्या अडकित्त्याले खाच हाय, त्याची रेघ उमटते, थे यात नाई." खरंच होती खाच. माझ्या वडिलांचा अडकित्ता, पातं मध्यभागी किंचित तुटलेलं. मी हसायचो. पुढे हसू येणार नाही, हे तेव्हा कुठं माहीत होतं.

आणि पंचनामा. एका लग्नात कढीचा गंज लवंडला, तर साडूंनी पंगत थांबवली, कढीभोवती खडूने रेघ ओढली आणि थैलीतून कागद आणि कार्बन काढून लिहायला बसले. घटनास्थळाच्या पूर्वेस मांडव, पश्चिमेस नवरदेव, उत्तरेस वरणाचा गंज, शाबूत. दोन पंच बोलावले, सह्या घेतल्या, मग कढी पुसायची परवानगी दिली. पंच कधीच वाचून सही करत नाहीत, हे त्यांच्या नोकरीतलं एकमेव दुःख. "पंचाले वाचा म्हनलं का थो मले घड्याळ दाखवते," म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर आसपासच्या शाळा त्यांना बोलवायच्या. ते मुलांना झाडं दाखवायचे, मुलांच्या छात्या मोजायचे आणि शेवटी आपले दोन्ही खिसे उलटे करून म्हणायचे, "पाहा बाप्पा, इतके वर्सं जंगलात होतो, काडी नाई." मुलं टाळ्या वाजवायची. त्या टाळ्या हीच त्यांची खरी पेन्शन होती.

आठेक वर्षांपूर्वी आम्ही नात्यातली अठरा म्हातारी माणसं राजस्थानला निघालो. बल्लारशाला गाडीत बसल्यापासून साडू खिडकीशी. जंगल विरळ झालं, मग झुडपं आली, मग तीही संपली, आणि दुसऱ्या दिवशी बसमधून नुसती वाळू दिसायला लागली तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढी मोठी चोरी पाहिली नव्हती.

"गुरुजी, किती दूर आलो आपन, एक झाड नाई."

"वाळवंट आहे ते साडभाऊ. इथं नसतातच झाडं."

"थे मले नोका सांगू. झाडं नेले त नेले, खुंटसुद्धा उपटून नेले. इथला नाकेदार झोपला होता का?"

पुढच्या चहाच्या टपरीवर त्यांनी टपरीवाल्याला इथल्या नाक्याचा पत्ता विचारला. त्याने टोलनाका दाखवला. साडू तिकडे चालायला लागले, दोघांनी धरून बसमध्ये आणलं.

अशा अवस्थेत आम्ही एका गावाबाहेरच्या निवडुंगबागेत पोचलो. भोवती दगडी भिंत, आत रेतीत शेकडो निवडुंग. काही खांबासारखे, काही डफासारखे, काही पांढरे केस पिंजारून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. आमच्या बायका म्हणाल्या, हे तर कुंपणाला लावायचं झाड, याला पाहायला एवढ्या दूर आणलं का. साडू मात्र फाटकातच थांबले. दोन दिवसांनी त्यांना जंगल भेटलं होतं. त्यांनी टोपी काढली, खिशातून टेप काढला, आणि कोणी काही म्हणायच्या आत एका उंच निवडुंगाला मिठी मारून छातीच्या उंचीवर घेर मोजला.

त्यांच्या अंगात किती काटे गेले ते सांगता येणार नाही. मेहुणीबाईंनी मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, आणखी तिघींनी काढल्या, आणि चौघी मिळून त्यांना भाजी निवडावी तशा निवडायला बसल्या. साडू हात वर करून बाकावर बसले होते आणि तेवढ्यात धावत आलेल्या माळीबुवांची उलटतपासणी घेत होते. माळी म्हणजे मिशाळ, वाळलेला, पोरवयापासून त्याच बागेत राबलेला म्हातारा.

"भाऊ, इसके पत्ते कुठी हाय?"

"साहब, ये काँटे ही इसके पत्ते हैं. पानी बचाने को ऐसा हो गया."

साडू इतके खूश झाले की पिना थांबल्या. "ऐकलं का गुरुजी? या झाडानं आपल्या पानायलेच नाकेदार करून ठेवलं." मग माळी आणि साडू असे बोलत सुटले, एकाची मारवाडी हिंदी आणि दुसऱ्याची झाडीपट्टीची, की दोघांनाही एकमेकांचं अर्धंच कळत असावं आणि तेवढंच पुरत असावं.

आता माझा भाग. बाकाच्या मागच्या वाफ्यात लिंबाएवढे गोल निवडुंग होते, डोक्यावर लाल टोपी घातलेले. माझी बायको सकाळपासून पहिल्यांदा हसून म्हणाली होती, "आपल्या ओट्यावर किती छान दिसन नाई?" मागितला असता तर माळ्याने दिला असता. पण मागायची लाज वाटली आणि चोरायची वाटली नाही. सगळे काट्यांत गुंतलेले पाहून मी वाकलो, खिशातला अडकित्ता काढला, त्यातला एक लिंबू कापला आणि चिवड्याच्या कागदात गुंडाळला. तेवढ्यात माळीबुवा माझ्याकडे वळले. बाकावर एक खाकी थैली होती, मी पुडी तिच्यात टाकली. थैली साडूंची. बसमध्ये गुपचूप काढून घेऊ, असा हिशेब.

फाटकाशी साडूंनी रुमाल काढायला थैलीत हात घातला आणि "आई" म्हणाले. इतके काटे निघताना एकदाही म्हणाले नव्हते. पुडी बाहेर आली. त्यांनी ती उघडली, लिंबू हातावर घेतला आणि त्याची कापलेली बाजू उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली. मग एकेक करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मी त्या वेळी बुटाची नाडी बांधत होतो. माझ्या पायात चपला होत्या.

माळीबुवा हसले. "कोई बात नहीं साहब, ले जाइए. ये तो बच्चे देता रहता है."

"नाई," साडू म्हणाले. "माल सापडला. कारवाई होईन."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, उन्हात बाकीची सतरा म्हातारी माणसं उभी होती, आणि साडू रेतीत मांडी घालून पंचनामा लिहीत होते. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते: पूर्वेस निवडुंग, पश्चिमेस निवडुंग, दक्षिणेस निवडुंग, उत्तरेस निवडुंग. लोक हसून हसून भिंतीला टेकले. पुढचा मजकूर त्यांनी मनातच लिहिला. पहिले पंच माळीबुवा. दुसऱ्यासाठी त्यांनी मला बोलावलं.

"शिकलेला मानूस पाह्यजे. या गुरुजी. वाचून घ्या."

"तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असणार."

"तरी वाचून घ्या."

मी घड्याळ दाखवलं आणि सही केली. न वाचता सही करू नका, हे आयुष्यभर मुलांना शिकवलेला मी मास्तर.

माळीबुवांनी लिंबू परत घेतला नाही. साडूंनी तो जप्त माल म्हणून अहेरीला नेला आणि कुंडीत लावला, कारण प्रकरण मिटेपर्यंत जप्त माल सांभाळावा लागतो. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने नुसतं पाणी, निवडुंग त्यात कुजायचाच. साडूंनी कुंडीला छत्री बांधली. आषाढात स्वतः भिजत जायचे आणि निवडुंग छत्रीत बसलेला असायचा. हे पाहून सगळी अहेरी हसायची, आणि त्यासोबत गोष्टही पसरायची, की नाकेदाराने तिकडे जाऊन झाड चोरलं. थट्टेनेच म्हणायचे लोक. पण साडू शाळांमध्ये जायचे बंद झाले. बोलवायला आलेल्या मास्तरांना म्हणाले, "ज्याच्या थैलीत माल सापडला, त्यानं खिसे कोनाले दाखवाचे?" आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे चारोळी आली, तिच्यासोबत पास नव्हता. मी बायकोला म्हणालो, विसरले असतील. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तसंच म्हणत होतो.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका लग्नात त्यांच्या कानाशी गेलो, तर डीजे सुरू झाला. एकदा फोनवर सगळं बोललो आणि शेवटी कळलं की ते एटापल्लीच्या रस्त्यावर बसमध्ये होते, रेंज "साडभाऊ, ऐका" इथेच गेली होती. शेवटी मी फुलस्केप कागदावर रीतसर जबाब लिहिला आणि अहेरी गाठली. साडू लोखंडी खाटेवर पडून होते, अंगात काही उरलं नव्हतं. घेर मोजायची सोय नव्हती, इतके वाळले होते.

"जबाब द्यायचा आहे साडभाऊ."

त्यांचे डोळे एकदम चमकले. "पंच आनले?"

"नाही."

"मंग कसा घेऊ? पुढच्या बारीले आना. दोन." मी कागद खिशात ठेवत होतो तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, "शिकलेले नोका आनू गुरुजी. वाचनारे आना."

तेव्हाच वाचायला हवा होता तो कागद, त्यांच्या उशाशी बसून. मी म्हणालो, बरं, पुढच्या वेळी. आणि पुढची वेळ आली ती ते गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाची. लोक त्यांच्याबद्दल बोलले, निवडुंगाची गोष्टही कोणीतरी प्रेमाने सांगितली, चुकीची. कार्यक्रम उरकल्यावर मेहुणीबाईंनी ती कुंडी माझ्यापुढे ठेवली. एका लिंबाचे अकरा झाले होते, सगळे लाल टोप्या घालून. सोबत एक घडी केलेला कागद. म्हणाल्या, "हे तुमाले द्या म्हनत होते. काऊन, थे नाई सांगतलं."

पंचनाम्याची कार्बनप्रत होती ती. चार दिशांचे चार निवडुंग संपल्यावर खाली लिहिलं होतं: काप ताजा, एका घावाचा, मधोमध बारीक रेघ. हत्यार अडकित्ता, पात्यास खाच. आरोपी अज्ञात इसम. थैली माझी, सबब जबाबदारी माझी. त्याखाली, पंच क्रमांक दोन म्हणून, माझी वळणदार सही.

कुंडी आता आरमोरीला आमच्या ओट्यावर आहे. बायको म्हणते, छान दिसते. पावसाळ्यात मी तिच्यावर छत्री धरतो आणि येणारे-जाणारे हसतात, ते बरं वाटतं. पंच मात्र मला अजून मिळाले नाहीत, ओळखीचे सगळे शिकलेले आहेत. तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणून तो फुलस्केप कागद आज पुन्हा उघडला. लांबलचक आहे, बराचसा निरुपयोगी आहे. पहिली ओळ तेवढी कामाची, आणि ती मी त्यांच्याच बोलीत लिहिली होती, त्यांना लवकर कळावी म्हणून: साडभाऊ, थो अडकित्ता माहा होता, मले माफ करा.