गावितबाईंचं माहेर

सहलीला कुठेही गाडी थांबली की गावितबाई आधी जवळच्या घरी जाऊन येत. आम्ही चटया आणि डबे काढत असू, तोवर यांचं तिकडे अंगणात बोलणं चाललेलं. "ओळख आहे का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ओळख कशाला लागते? त्यांच्या रानात बसणार, तर सांगायला नको?" मग परत येऊन आम्हाला तंबी: बांधावरूनच चालायचं, रोपात पाय नाही, गाणी गाडीत ठेवायची. तिसरीच्या वर्गावर जो आवाज, तोच आम्हा सहशिक्षकांवर.

त्यांचं माहेर हरसूलजवळच्या एका पाड्यावर. भावाच्या भातखाचरांमागे धबधबा होता. पावसाळ्यात नाशिकच्या आमच्या शाळेतल्या सगळ्यांना त्या मोठ्या हौसेने तिथे नेत. भावजय नागलीच्या भाकरी करी. एका वर्षी आमच्यातल्याच एका नव्या सरांनी तिथला व्हिडिओ रस्त्यासकट मोबाइलवर टाकला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढच्या रविवारपासून तिथे गाड्यांची रांग लागली. लावणीसाठी वाढवलेलं भाताचं रोप चाकांखाली गेलं. चिखलात कुणी फोडलेली बाटली भावाच्या पायात घुसली आणि ऐन लावणीत तो अंथरुणाला खिळला.

"भाऊ भांडला असता तर बरं झालं असतं," बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "तो नुसता म्हणाला, ताई, चहा घेऊन जा." एवढं सांगून त्या वह्या तपासायला लागल्या.

त्यानंतर पावसाळ्यातला प्रत्येक रविवार त्या सकाळच्या एसटीने जाऊन पाड्याच्या वळणावर बसू लागल्या. गाड्या इथेच लावा, बाटल्या परत न्या, खाचरातून जाऊ नका, असं हात जोडून सांगत. एकाने विचारलं, "तुमच्या बापाचं आहे का?"

"म्हटलं, हो, बापाचंच होतं. आता भावाचं आहे." हे आम्हाला सांगताना त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, "कंटाळले हो मी. शाळेत पोरांना दहा वेळा सांगितलं की ऐकतात तरी. तिथं दर रविवारी नवाच वर्ग."

त्या निवृत्त झाल्या आणि आमच्या भेटी थांबल्या. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी मुद्दाम तिकडे गेले. वळणावर छत्री धरून बाई बसलेल्या होत्या, फार थकलेल्या. गाडी थांबायच्या आत उठल्या आणि काचेशी वाकून, पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "पुढं काही नाही. मागं फिरा." त्यांच्या पाठीमागून पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"बाई, मी आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या सीटवरच्या पाहुण्यांकडे आणि त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे.

"ओळखलं हो," त्या म्हणाल्या. "तरी इथं काही नाही."

मला फार वाईट वाटलं, पण वाद घालावासा वाटला नाही. मी गाडी वळवली.