तोफानिनांच्या पानाचं टोक

पादुआच्या वनस्पतिसंग्रहालयात लुडोविका तोफानिनबाई आणि ओरेस्ते मनेगाझ्झो एकाच टेबलाशी बसत, पण बाई कॉफीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून पीत. भांडण एका वाळक्या पानाचं होतं.

ते पान बाईंच्या वडिलांनी डोंगरातून आणून कागदावर चिकटवलेलं. देवाघरी जाण्यापूर्वी शेजारी त्यांनी शेरा लिहिला: 'कॉर्डाटा', हृदयाकृती. लॅटिनमध्ये कॉर म्हणजे हृदय. नेहमीच्या जातीचं पान मात्र 'रेनिफॉर्मिस'. रेन म्हणजे मूत्रपिंड. हृदयाला टोक असतं, मूत्रपिंडाला नसतं. टोक निघालं तर जात नवी आणि तिला तोफानिनांचं नाव. नाही निघालं तर नुसतं रानातलं तण. जुन्या पंडितांनी पानांना नावं देताना भाले, बाण, ढाली तर काढल्याच, वर अख्खं खाटकाचं दुकान उपसलं, त्याची ही फळं!

संग्रहालयाचा रिवाज असा, की आधीचा शेरा खोडायचा नाही. मत पटलं नाही तर शेजारी आपली चिठ्ठी डकवायची. ओरेस्तेनं 'मूत्रपिंड' डकवलं. बाईंनी 'हृदय'. त्यानं 'टोक दाखवा'. बाईंनी 'चष्मा बदला'. पान बिचारं चिठ्ठ्यांच्या गर्दीत अंग चोरून बसलेलं.

खरी गोम अशी, की पान बसावं म्हणून वडिलांनी डिंकाची पट्टी नेमकी टोकाच्या जागेवरूनच ओढली होती.

"पट्टी उचला सिन्योरा, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल," एके सकाळी ओरेस्ते म्हणाला.

"माझ्या वडिलांच्या हातची आहे ती. बोट लावाल तर बोट मोडीन."

"घाबरता, दुसरं काय!"

बाई पेटल्या. ब्रश पाण्यात बुडवून त्यांनी पट्टी भिजवली आणि चिमट्यानं सोलली.

टोक नव्हतं. गोल, गुळगुळीत मूत्रपिंड.

ओरेस्ते बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग खाकरला. "कीड लागलेली दिसते इथं. टोक किड्यानं खाल्लं असेल. तसं लिहू की."

"खबरदार!" बाई कडाडल्या. "इतकी वर्षं छळ छळ छळलंत, आणि आता दया दाखवता? किडा म्हणे! किडे तुमच्या डोक्यात."

त्यांनी चिठ्ठी ओढली, 'रेनिफॉर्मिस, लु. तोफानिन' असं लिहिलं आणि वडिलांचं एकही अक्षर झाकलं जाणार नाही अशी बेतानं डकवली.

"आणि तुमची ती पहिली चिठ्ठी वाकडी लागलीय," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "काढून सरळ लावा."

"काढायची नसते, सिन्योरा. रिवाज आहे."

"मग राहू दे वाकडी. मालकासारखी."