बेवार साहेब

कतारमधल्या आमच्या दुखानच्या कॅम्पात बर्फाच्या कारखान्यावर एक गोरे साहेब होते. त्यांना आज वार कुठला आहे हे कधीही ठाऊक नसे. यंत्रातल्या एकूण एक वाल्व्हची नस त्यांना पाठ होती, पण सोमवार की गुरुवार विचारलं की चेहरा कोरा. शुक्रवारी सगळा कॅम्प बंद असायचा. कोणी कपडे धूत असे, कोणी गावाला पत्र लिहीत असे, आणि हे साहेब हत्यारांची पिशवी खांद्याला लावून स्टोअरच्या बंद दारावर थापा मारत उभे!

"यल्ला, चला, उघडा! माणसं मेली का सगळी?"

मी खिडकीतून ओरडायचो, "साहेब, आज शुक्रवार."

"असं? मला कोणी सांगितलं नाही."

"दर सात दिवसांनी येतो, साहेब."

"मग पुढच्या वेळी आधी कळवत जा," असं म्हणून ते परत फिरायचे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

मी कॅम्पाचा टाइमकीपर. तेल कंपनीच्या मजुरांची हजेरी घ्यायची, मस्टर भरायचं, हे माझं काम. म्हणजे वार आणि तारखा हेच माझं पोट. मला या माणसाची दया आली. मुंबईहून आलेलं एक चांगलं कॅलेंडर मी त्यांच्या कारखान्यात नेऊन टांगलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर कॅलेंडर जमिनीवर, गळणाऱ्या पाइपाखाली. "छान कागद आहे," साहेब म्हणाले. "पाणी चांगलं शोषतो."

त्याच दिवशी जेवताना मी त्यांचं नामकरण केलं. ज्याला वारच नाही तो बेवार. म्हणून बेवार साहेब. आमच्या मेसचा स्वयंपाकी हसनभाई इतका हसला की त्याच्या हातातला डाव कालवणात पडला. नाव महिन्याभरात कॅम्पभर झालं. साहेबांच्याही कानावर गेलं. त्यांनी अर्थ विचारला, मी भीत भीत सांगितला, तर ते खूश झाले. म्हणाले, "कागदावर जे आहे त्यापेक्षा हे बरं आहे."

कागदावर त्यांचं नाव होतं मार्टिन. पासपोर्ट ब्रिटिश, पण इंग्रजी असं की इंग्रजांनाही दोनदा विचारावं लागे. वय तिशीच्या आतलं, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. खरं तर त्यांनी साहेब लोकांच्या मेसमध्ये जेवायला हवं होतं. पण तिथे सकाळी डुकराचं मांस तळत, त्याचा वास यांना सोसत नसे. एक दिवस ताट घेऊन आमच्या कोकणी मेसच्या दारात उभे राहिले. "परकार, इथे जागा आहे?" माझं आडनाव त्यांना नीट म्हणता येई, याचा मला अभिमान होता.

मेसमध्ये आम्ही सगळे रत्नागिरी जिल्ह्याचे. दाभोळ, हर्णै, बाणकोट. हसनभाई हर्णैचा. लढाईच्या काळात आगबोटीवर भंडारी होता. बोटीवरच्या स्वयंपाक्याला आमच्याकडे भंडारी म्हणतात. अर्धं जग बघून आलेला माणूस, पण स्वतःच्या कोळंबीच्या कालवणाबद्दल फार हळवा. साहेब सुरमई मागून मागून खात. कोळंबी पुढे आली की हात जोडत. खेकडा दिसला तर खुर्ची मागे सरकवत.

"हा कसला इंग्रज रे?" हसनभाई माझ्याजवळ कुरकुरला. "डुक्कर नको, कोळंबी नको. नमाजाला तर येत नाही!"

मी साहेबांना विचारलं, "तुम्ही देव मानता का?"

"मी नाही मानत," ते म्हणाले. "माझं पोट अजून मानतं. त्याला बातमी पोचलेली नाही."

देवाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं असं ते सांगत, पण दिवसातून दहा वेळा त्याच्याशी भांडत. यंत्र बंद पडलं की छताकडे बघून म्हणायचे, "शाबास! आणखी काही?" यंत्र सुरू झालं की, "यात तुझा काही हात नाही, उगाच श्रेय घेऊ नकोस." मी एकदा म्हटलं, "नाहीच म्हणता, तर बोलता कोणाशी?" साहेबांनी थोडा विचार केला. "सवय आहे, परकार. घर सोडून गेलेल्या माणसाचं नाव घेऊन आपण दार उघडत नाही का, तसं."

बर्फाचं काम त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. भर उन्हाळ्यात, जेव्हा पत्र्याला हात लावला तर फोड यायचा, तेव्हा ते लाद्यांना गोणपाट गुंडाळत शीळ घालायचे. "मी थंडीचा सूड घेतोय," म्हणायचे. "तिला कापतो, बांधतो, लॉरीत भरतो आणि उन्हात पाठवून देतो." तेवढ्या उकाड्यातही त्यांचा शर्ट पूर्ण बाह्यांचा, मनगटाशी बटण लावलेला. हसनभाईचं म्हणणं, हातावर कुठल्यातरी बाईचं चित्र गोंदलेलं असणार. मेसमध्ये त्या बाईच्या रंगरूपावर बरीच चर्चा झाली.

चित्र दिसलं ते अपघातात. हसनभाई दुपारी बर्फ आणायला कारखान्यात गेला होता. एक वाल्व्ह फुटला आणि यंत्रातल्या अमोनिया वायूचा लोट आला. मी माझ्या शेडमधून धावत गेलो तोवर साहेबांनी हसनभाईला कॉलर धरून फरफटत बाहेर आणलं होतं आणि परत आत जाऊन वाल्व्ह बंद करून आले होते. त्यांची डावी बाही भिजली होती, कातडी लाल झाली होती. मी बादलीने पाणी ओतत होतो. हसनभाईने खोकत खोकत त्यांची बाही टरकावली. बाई वगैरे कोणी नव्हती. आतल्या बाजूला निळ्या शाईत एक नंबर होता.

साहेबांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "हजेरी नंबर आहे," ते मला म्हणाले. "तुझ्यासारखाच एक टाइमकीपर होता तिथे. फार टापटीप."

मला काही कळलं नाही. हसनभाईला कळलं. संध्याकाळी त्याने मला मेसच्या मागे नेलं. "लढाई संपल्यावर आमच्या बोटीवर माणसं चढली होती परकार, नेपल्स बंदरात. नुसती हाडं. त्यांच्या हातांवर असेच नंबर होते. हा यहुदी आहे. जर्मनांच्या तावडीतून सुटलेला."

ते सुएझच्या लढाईचं वर्ष होतं. कॅम्पात रेडिओभोवती गर्दी जमायची, इंग्रजांना आणि यहुद्यांना शिव्या पडायच्या. ही बातमी बाहेर फुटली असती तर साहेबांचं काय झालं असतं सांगता येत नाही. मी घाबरून हसनभाईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" तो म्हणाला. "मी आत मेलो असतो. बाहेर बोलायचं नाही, खलास." दोन पावलं गेला आणि परत वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "यहुद्यांना कोळंबी चालत नाही, म्हणून नको म्हणतो होय! आणि मी समजत होतो, माझ्याच हाताची चव गेली." दुसऱ्या दिवसापासून साहेबांची सुरमई वेगळ्या टोपात शिजू लागली. कोणी विचारलं तर हसनभाई सांगे, "त्यांना पित्ताचा त्रास आहे."

पुढच्या उन्हाळ्यात मला गावाहून पत्र आलं. माझा मुलगा हनीफ तापाने गेला होता. तीन वर्षांचा. मी निघालो तेव्हा तो नुकता बसायला लागला होता; त्याला चालताना मी पाहिलं नव्हतं. पत्र पोचलं तोवर त्याला जाऊन पंचवीस दिवस झाले होते. मेसमधल्या लोकांनी माझ्याभोवती बसून दुआ मागितली. मी हात वर केले नाहीत. त्या दिवसापासून मी नमाजाला जाणं सोडलं. समजावणारे समजावून थकले, रागावणारे रागावले. दुपारची अजान झाली की मी उठून बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसे.

साहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "वेळ झाली. जात नाहीस?" मी नाही म्हटलं. त्यांनी गोणपाट दुमडून मला बसायला दिलं आणि कामाला लागले. दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका दुपारी त्यांनी पाना खाली ठेवला आणि माझ्यासमोर बसले.

ते हंगेरीतल्या एका लहान गावचे. बापाचा सोडावॉटरचा कारखाना. घर फार धर्माचं. पंधरा वर्षांचे असताना सगळ्यांना मालगाडीत कोंडून नेलं. उतरल्या उतरल्या आई, वडील आणि बहीण एका बाजूला गेले. ते पुन्हा दिसले नाहीत. हे आणि त्यांचा तेरा वर्षांचा भाऊ लेबी दुसऱ्या बाजूला. लेबीने वय वाढवून सांगितलं म्हणून वाचला. दगड वाहायचं काम. लेबीचा एकच हट्ट होता: वार चुकवायचा नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा पवित्र दिवस लागतो, तेव्हाची प्रार्थना राहता कामा नये. तिथे ना कॅलेंडर, ना घड्याळ. रोज पहाटे रांगेत उभं राहिलं की लेबी यांच्या कानात त्या दिवसाचा वार सांगायचा. शुक्रवारी दोघे पावाचा एक तुकडा राखून ठेवत आणि ओठ न हलवता प्रार्थना म्हणत.

"थंडीत लेबी आजारी पडला," साहेब म्हणाले. "त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही प्रार्थना म्हटली. शेजारी एक नवा माणूस आला होता, बाहेरून, दोनच दिवसांपूर्वी. त्याने विचारलं, हे आज कशाला म्हणता? आज रविवार आहे."

यंत्राची घरघर चालू होती.

"कधीतरी मोजणी चुकली होती. किती आठवडे कोण जाणे. लेबीला रडू फुटलं. मला विचारतो, ते सगळे शुक्रवार देवाने धरले असतील का रे? मी म्हटलं, धरले असतील. आणि तेव्हाच मला कळलं की मी खोटं बोलतोय. तिकडे वर मोजणारं कोणीच नव्हतं. दोन दिवसांनी लेबी गेला. कुठल्या वारी, ते मी कोणाला विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही."

मला मीच ठेवलेलं नाव आठवलं. बेवार. त्याला 'साहेब' जोडून भरभर म्हटलं की कानाला काय ऐकू येतं, ते इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. बेवारस. मी मान खाली घातली आणि त्यांना सांगून टाकलं की त्या नावात आमच्या भाषेत दुसरा एक शब्द लपलाय, ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठीचा. साहेबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग त्यांना हसू यायला लागलं, आणि ते डोळे पुसत हसले. "परकार, तू न बघता नेम मारलास!"

मी विचारलं, "साहेब, मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस? मी बर्फवाला." मग ते उठले, पाना उचलला आणि पाठमोरे होऊन म्हणाले, "एवढं सांगतो. मी देवावर रागावून निघालो आणि तो राग आजपर्यंत सांभाळलाय. रोज तेलपाणी करावं लागतं त्याला, या कॉम्प्रेसरसारखं. सगळा दिवस जातो. माझ्याकडे दिवस आहे, मी एकटा. तुझी बायको तिकडे एकटी बसली आहे. आधी घरी जा."

माझी रजा आठ महिने लांब होती. कॅम्पाच्या मोठ्या साहेबांनी साफ नकार दिला: मस्टर कोण भरणार? बेवार साहेब त्यांच्या ऑफिसात गेले. आतून बराच आरडाओरडा ऐकू आला. बाहेर आले ते केस सारखे करत. "दोन महिने मिळाले. मस्टर मी भरणार."

मी चाटच पडलो. "साहेब, तुम्ही? मस्टरला वार लागतो!"

"तू बोट पकड," ते म्हणाले.

मुंबई, तिथून कोकणची बोट, दाभोळ. फार लिहीत नाही. बायको दारात उभी होती. तिने मला हनीफचं चालणं करून दाखवलं, कसा एका बाजूला कलत चालायचा ते. मग आम्ही दोघे कबरस्तानात गेलो. तिने हात वर केले. तिचे हात एकटे दिसायला नकोत म्हणून मी माझे वर केले. असं करता करता महिन्याभरात मी पुन्हा नमाज पढू लागलो. राग गेला नव्हता, पण राग आणि नमाज दोन्ही बरोबर राहू शकतात असं दिसलं.

परतल्यावर मी पहिल्यांदा मस्टर उघडलं. एकही चूक नव्हती. रोजचा वार ठळक अक्षरात लिहिलेला. शिवाय एक नवी गोष्ट होती. आम्ही मजुरांची हजेरी बिल्ल्याच्या नंबराने घ्यायचो. साहेबांनी सगळे नंबर काट मारून बाजूला नावं लिहिली होती, दोनशेच्या वर, जमतील तशा स्पेलिंगने. मोठे साहेब भडकले होते म्हणे. मी मात्र पुढे ती पद्धत मोडली नाही. निवृत्त होईपर्यंत माझी हजेरी नावानेच झाली.

"दोन महिने रोज सकाळी माझ्याकडे यायचा," हसनभाईने सांगितलं. "आज वार कुठला? मी सांगायचो, तो लिहायचा. एकदा मस्करीत मी मंगळवारचा बुधवार सांगितला. लिहिल्यावर कोणीतरी खरा वार सांगितला, तर पांढरा पडला रे तो. नवं पान घेऊन सगळं पुन्हा लिहिलं. मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. परत असली मस्करी नाही केली."

मी साहेबांना लाजत लाजत सांगितलं की माझा नमाज पुन्हा सुरू झालाय. मला वाटलं, थट्टा करतील. "बरं झालं," ते म्हणाले. "एकाने तरी चालू ठेवावं."

मग साठ साल उलटलं. घराघरात फ्रिज आले, खोल्याखोल्यांत थंड हवेची यंत्रं बसली. बर्फाची लॉरी सगळ्यांना नकोशी झाली आणि कारखान्याला टाळं लागलं. साहेबांना इंग्लंडात नोकरी मिळाली. मी त्यांना पोचवायला दोह्याच्या विमानतळापर्यंत गेलो. हसनभाईने तळलेल्या सुरमईचा डबा दिला होता. साहेबांनी तो वाटेतच संपवला, मला एक तुकडा ठेवून. रस्ताभर ते ड्रायव्हरला गाडीचं इंजिन कसं आजारी आहे ते समजावत होते.

विमानाकडे जायची वेळ झाली तेव्हा आम्ही हात मिळवले. मी सवयीने म्हणून गेलो, "साहेब, खुदा..." आणि जीभ चावली. या माणसाला देवाच्या हवाली कसं करायचं?

साहेबांनी माझा हात सोडला नाही. डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरली.

"म्हण, म्हण, पुरतं म्हण," ते म्हणाले. "तुझ्या तोंडून मला चालतं."

मी पुरतं म्हटलं. खुदा हाफिज. हजारो वेळा म्हटलेले ते दोन शब्द इतके सावकाश, इतके मनापासून मी आधी कधीच म्हटले नव्हते.