नटावरची लाल रेघ

भास्कर इंगळे मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास नांदुऱ्यात राहत्या घरी वारला. वय एकसष्ट. व्यवसाय, गाड्यांचे वायरिंग आणि मीटर बसवणे. सव्वासातला त्याच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा, फोन आला. "भाऊजी, हे गेले. चहा ठेवला होता... उठवाले गेली त हात थंड." मग त्या म्हणाल्या, "पण मनावर काही घेऊन नाही गेले." हे वाक्य दोन आठवड्यांपूर्वी त्यांना बोलता आले नसते. त्याआधीचे चार महिने भास्करने एकाच प्रश्नासोबत काढले होते. आपल्या हातून एक नट ढिला राहिला आणि त्यामुळे एका माणसाच्या जीपचे इंजिन गेले, हे खरे का?

पिंपळगाव राजाच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी पुढे वर्तमानपत्रात गेलो, तो खामगावात एका वायरिंगवाल्याकडे काम शिकायला राहिला. तिथल्या पहिल्याच वर्षी उस्तादाच्या एका गिऱ्हाइकाची टॅक्सी राजूर घाटात बंद पडली. इंजिनातले तेल संपले होते. डॅशबोर्डावरचा तेलाचा लाल दिवा लागायला हवा होता. तो लागला नाही, कारण बल्ब केव्हाच गेला होता. ही गोष्ट भास्करने मला निदान पाच वेळा सांगितली. घाट दर वेळी तोच असे, टॅक्सीचा रंग बदलत गेला. नांदुऱ्यात स्वतःचे दुकान टाकल्यावर त्याने हॉर्न, बॅटरी, हेडलाइट सगळे केले, पण ओळख झाली ती मीटरवाला म्हणून. तेलाचा दाब दाखवणारे एक आणि इंजिनाची उष्णता दाखवणारे एक, अशी दोन गोल मीटरे तो जुन्या गाड्यांना वेगळी बसवून देत असे. उन्हाळ्यात घाट चढणारे जीपवाले लांबून येत.

माझ्या जुन्या डिझेल गाडीला त्याने ती एका रविवारी बसवली. मला गरज वाटत नव्हती. "कंपनीचा दिवा आहे की," मी म्हणालो.

"दिवा मेल्यावर सांगते बे. काटा आधी सांगते. तू पेपरवाला, तुले बातमी आधी पाह्यजे का मंग?"

"आधी."

"त मंग गपचूप टॉर्च धर."

काम दिवसभर चालले. दिव्याचा सेन्सर जिथे इंजिनात बसतो तिथे त्याने पितळेचा तीन तोंडांचा जोड लावला. एका तोंडाला तोच सेन्सर पुन्हा, दुसऱ्याला तांब्याची बारीक नळी. नळीला इंजिनाजवळ दोन वेढे दिले, म्हणजे थरथरीने ती तुटत नाही. पत्र्यातून आत नेताना भोकात रबर बसवले. डॅशबोर्डाला भोक पाडायला त्याने नकार दिला आणि ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून मीटरे खाली टांगली. इंजिन सुरू करून दहा मिनिटे जोडांकडे नुसता पाहत उभा राहिला. बंद केले, प्रत्येक नट पुन्हा आवळला, आणि खिशातून नेलपॉलिशची लाल बाटली काढली. प्रत्येक नटावरून खालच्या जोडापर्यंत त्याने एक सरळ रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, मग स्पॅनर न लावता कळते. बाटली वहिनींची होती. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "लगन झाल्यापासून माह्या नखाले लागली नाही एवढी यांच्या नटाले लागली."

"तुही नखं कुठी ढिली होऊन राह्यली?" भास्कर म्हणाला.

मागच्या वर्षी पावसाळ्याआधी त्याला अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणे महिनाभरात सुधारले. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट मात्र बधिर राहिले. दिवाळीनंतर तो पुन्हा दुकानात बसू लागला. उजव्या हाताने आवळायचे, डाव्याने फक्त धरायचे, असे त्याने ठरवले होते. या काळातले मीटरचे पहिले काम किसना तायडेच्या जीपचे. किसना पिंपळगाव राजा ते नांदुरा प्रवासी नेतो, भास्करच्या वीस वर्षांच्या ओळखीचा. काम झाल्यावर तीन आठवड्यांनी ती जीप दुपारी भर रस्त्यात बंद पडली. इंजिन जाम. आत सात प्रवासी होते. ते दुसऱ्या गाडीने गेले. कोणालाही इजा झाली नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही. गावातल्या मेकॅनिकने तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, ती कोरडी होती. त्याने विचारले, इतक्यात नवीन काय केले? किसना म्हणाला, मीटर. मेकॅनिक म्हणाला, मग तेल त्या नळीतूनच गेले. याहून अधिक तपासणी त्या दिवशी झाली नाही. जीप ओढून किसनाच्या घरामागच्या शेडमध्ये नेली.

दोन दिवसांनी किसना दुकानात आला. तो भांडला नाही, हे भास्कर आणि वहिनी दोघांनीही सांगितले. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भास्करभाऊ, राग नका मानू. तुमचा हात पह्यलेसारखा नाही राह्यला."  त्या आठवड्यात भास्करने मीटरचे काम बंद केले. पुढे बॅटरीचेही. मी भेटायला जाई, तेव्हा बोलणे फिरून तिथेच येई. "रेघ ओढली का नाही, तेच आठवत नाही बे," तो म्हणे. "आवळल्याचं आठवते. रेघ नाही आठवत."

"चल ना, जाऊन पाहू. शेडमध्येच तर आहे गाडी."

"अन् नसन त?"

 आयुष्यभर पेपरातल्या पोरांना मी जागेवर जाऊन पाहायला सांगितले. इथे चार महिने मी स्वतः गेलो नाही. दरम्यान त्याचे जेवण कमी झाले, पायावर सूज आली. डॉक्टरांनी हृदय थकल्याचे सांगितले आणि औषधे वाढवली.

त्याच्या मृत्यूच्या बारा दिवस आधी, गुरुवारी सकाळी, किसनाचा मला फोन आला. इंजिन उतरवायला माणसे दुपारी येणार होती, तुम्हाला पाहायचे असेल तर या, म्हणाला. मी आधी नांदुऱ्याला गेलो. भास्कर खाटेवर बसला होता.  दारापर्यंत वहिनी आल्या. "भाऊजी, जे असन ते सांगा. चांगलं असो का वाईट. मन राखाले खोटं नका सांगू, याह्यले लगेच समजते."

साडेतीनला मी शेडमध्ये होतो. बॉनेट उघडे होते. नळीचे वेढे, पितळेचा जोड, सगळ्यावर कोरडी, भुरकट धूळ होती. तेल गळलेल्या जागी धूळ काळी होऊन लगद्यासारखी चिकटते. इथे ती फुंकरीने उडाली. किसनाने फडके डिझेलमध्ये बुडवून जोड पुसला. लाल रेघ नटावरून जोडावर सरळ उतरली होती, कुठेही तुटलेली नव्हती. आत मीटरच्या पाठीमागे नळीचे दुसरे टोक. तिथेही रेघ, तशीच. मग आम्ही खाली वाकून पाहिले. इंजिनाच्या तळाशी, तेल बदलताना काढतात त्या नटापासून मागे काळ्या लगद्याचा पट्टा गेला होता. किसनाने तो नट बोटांनी फिरवला. तो हातात आला. त्याखाली वॉशर नव्हता.

"तेल केव्हा बदललं होतं?" मी विचारले.

"गाडी बंद पडाच्या दोन दिवस आधी. रस्त्यावरच्या गॅरेजात." तो उकिडवा बसून राहिला. "ते त नेहमीचंच, भाऊ. नवीन काय केलं म्हणाले, म्हणून मीटर सांगतलं."

"आणि काटा?"

त्याने नट जमिनीवर ठेवला. "काटा पडला होता. वाटेतल्या पुलापासून खाली येऊन राह्यला होता, मी पाह्यला. मले वाटलं भाऊचा हात असा, मीटरच बराबर बसलं नसन... दिवा नव्हता लागला ना. मंग दिवा लागला अन् गाडी बंदच पडली."

मी फोन करून सांगतो म्हणालो. किसनाने नको म्हटले. माझ्याच गाडीत बसून तो नांदुऱ्याला आला. वाटेत त्याने माझ्या डॅशबोर्डाखालच्या मीटरकडे दोनदा पाहिले. भास्करच्या घरी तो खाटेजवळ खाली बसला आणि पुलापासून नटापर्यंत सगळे त्याने एका दमात सांगितले. भास्करने ते पूर्ण ऐकून घेतले. शेवटी विचारले, "रेघ तुटली होती?"

"नाही."

"मांगच्या बाजूची?"

"दोन्ही सरळ आहेत, भाऊ."

भास्करने माझ्याकडे पाहिले. मी हो म्हणालो. त्याने डावा हात मांडीवर उलटा-सुलटा करून पाहिला. मग किसनाला म्हणाला, "काटा कितीवर आला होता?"

"एकच्या खाली."

"अन् मंग थांबवली काऊन नाही बे?"

"तुमच्यावर भरोसा नव्हता, भाऊ."

"माह्यावर नको ठेवू. काट्यावर ठेवाचा होता."

वहिनी आधी हसल्या. मग भास्कर हसला, खोकला येईपर्यंत. किसना डोळे पुसत होता, तेही हसण्यामुळे असे त्याचे म्हणणे. त्या संध्याकाळी भास्करने दोन भाकरी खाल्ल्या, ही माहिती वहिनींची. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसू लागला. जीपवाले थांबत, तो प्रत्येकाला किसनाच्या काट्याची गोष्ट सांगे, किसनासमोरसुद्धा. त्याच्या सांगण्यात जीपचा रंग बदलू लागला होता, हे मी चौथ्या दिवशी ऐकले. इंजिन तयार झाल्यावर मीटर परत बसवायचे, भास्करने खुर्चीत बसून सांगायचे आणि किसनाने आवळायचे, असे दोघांचे ठरले. इंजिन तयार व्हायला उशीर झाला.

भास्करला जाऊन तीन आठवडे झाल्यावर किसना जीप घेऊन दुकानासमोर आला. मीटर त्याने स्वतः बसवले होते. नळीला दोन वेढे होते, पत्र्याच्या भोकात रबर होते. इंजिन दहा मिनिटे चालवून त्याने बंद केले, नट पुन्हा आवळले आणि वहिनींकडे बाटली मागितली. ती गल्ल्याच्या खणात होती, तळाशी थोडे नेलपॉलिश उरले होते. किसनाने वहिनींना म्हटले, "तुमीच ओढा." वहिनींनी पदर खोचला आणि दोन्ही नटांवर रेघा ओढल्या. पहिली किंचित वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी किसना शेगावला प्रवासी सोडून आला. मी दुकानावर होतो. इंजिन गरम असताना तेलाचा काटा तीनवर होता, उष्णतेचा ऐंशीच्या थोडा पुढे, दोन्ही जिथे असायला हवेत तिथे. बॉनेट उघडून पाहिले. दोन्ही रेघा अखंड होत्या.