सोडायला आलेला म्हादू

आम्ही दोघं गावातून निघालो तेव्हा जाणारा मी होतो आणि म्हादू नुसता मला सोडायला आला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळ्यांचाच याबाबत घोळ झाला.

ज्वारीची काढणी उरकली होती. आईनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात भाकरी, ठेचा नि कांदे बांधले. बाप गोठ्यातून बाहेर आलाच नाही. त्याचं बोलणं आदल्या दिवशीच झालं होतं. "सोंगं गावात शोबत्यात. जायाचंच आसंल तर पलटनीत जा, मानसावानी." माझ्या बरोबरीची निम्मी पोरं लढाईवर गेली होती, आणि मी निघालो होतो सांगलीला, सर्कशीत जोकर व्हायला. जत्रेतल्या सोंगांत माझा पहिला मान असायचा. तलाठ्याची नक्कल करावी तर मीच, असं वाईपर्यंत लोक म्हणत.

म्हादू आमच्या शेजारचा, भिंतीला भिंत लागून. घरात तो आणि त्याची आई, तिसरं कुणी नाही. आईनं त्याला हाक मारली. "म्हादू, ह्येला एकल्याला धाडवत न्हाई रं. तेवढा सांगलीपतोर सोड आन् लगी माघारी ये." त्यानं बैल दावणीला बांधले, अंगात सदरा घातला आणि माझं गाठोडं काखेत मारून चालू लागला. कुठं, कशाला, काही विचारलं नाही.

म्हादूची एक खोड होती. तो सगळ्यांना मान द्यायचा, अगदी म्हशीलासुद्धा. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालत. साताऱ्याच्या अलीकडं चढाला आमची मोटार थांबली. उतारूंनी शिव्या घातल्या. म्हादू खाली उतरला आणि मोटारीच्या नाकाडावर हात ठेवून म्हणाला, "आवं, घ्या दम जरा, मग जाऊ." सगळी मोटार हसली. मला लाज वाटली. हेवा वाटायला अजून दोन दिवस अवकाश होता.

सर्कशीचा तंबू सांगलीला नदीकडच्या मैदानात लागला होता. तिथले जोकरांचे उस्ताद बाबालाल, मिरजेचे, पिकल्या दाढीचे. तंबूबाहेर पेटीवर बसून तंबाखू मळत ते म्हणाले, "हां, हसवा." मी तलाठी केला, घाटावरचे भटजी केले, पलटणीतून रजेवर आलेला हवालदार केला. घामाघूम झालो. उस्ताद भिंतीसारखे बसून. तेवढ्यात मागून सर्कशीची हत्तीण आली आणि तिनं म्हादूच्या काखेतलं गाठोडं सोंडेनं उचललं. म्हादूनं पटका सावरला, तिला वाकून रामराम घातला आणि म्हणाला, "आवं बाई, त्ये आमच्या शंकरचं हाय. मी नुसता सोडाय आलोय. द्या तेवढं. जाऊ का माघारी?"

उस्तादांना तंबाखूचा ठसका लागला. खुंटे ठोकणारे गडी हातोडे टाकून हसायला लागले. हसून झाल्यावर उस्तादांनी डोळे पुसले आणि मॅनेजरला म्हणाले, "ह्येला ठिवा." मॅनेजरनं माझ्याकडं बोट केलं. उस्ताद म्हणाले, "त्यो व्हय? ह्येच्यासंगं आलाय न्हवं, मग ऱ्हाऊ द्या." अशा रीतीनं मी सर्कशीत लागलो, मला सोडायला आलेल्या माणसाच्या वशिल्यानं.

जोकरांची एक रीत होती. नवा गडी उभा राहिला की उस्ताद त्याच्या तोंडावर पहिली रेघ स्वतःच्या बोटानं ओढत, आणि मग ते तोंड जन्मभर त्याचं. एकाचं तोंड दुसऱ्यानं लावायचं नाही. म्हादूच्या भुवया त्यांनी काजळानं थोड्या वर ओढल्या, नुकतंच कुणी काही विचारलंय आणि त्याला कळलं नाही, अशा. माझ्या गालाला नुसता खोबरेलात कालवलेला सफेदा फासला. मी विचारलं, रेघ? तर म्हणाले, "तुजी रेग आजून मला दिसंना झालीया. तू दुसऱ्याचीच त्वांडं करतुयास. तू कोन हाईस, त्ये कळू दे आदी."

झोपाळ्याचा खेळ संपला की म्हादू गाठोडं घेऊन रिंगणात यायचा. चुकून आल्यासारखा. रिंगमास्तरला रामराम घालायचा, वाघाच्या पिंजऱ्याला घालायचा, बँडवाल्याच्या ढोलाला घालायचा, आणि प्रत्येकाला एकच विचारायचा, "जाऊ का माघारी?" गॅलरीतून शेकडो लोक ओरडायचे, "नकोऽऽ!" तो बिचारा पुन्हा गाठोड्यावर बसायचा. बस, एवढंच. मी मात्र बादलीत पाय अडकवून पडायचो, थपडा खायचो, पाठीवर फळ्या मोडून घ्यायचो. लोक हसायचे, नाही असं नाही. पण ते हसणं मी उठेपर्यंत विरून जायचं.

आणि यात सगळ्यात वाईट काय, तर म्हादू ते सोंग म्हणून करत नव्हता. त्याला खरंच माघारी जायचं होतं. चार दिवसांचे आठ महिने झाले, तरी तो दर आठवड्याला मला म्हणायचा, "काकीनं तुला माज्या हवाली केलंय. तुजं बस्तान बसलं की मी सुटलो." माझं बस्तान! त्याच्यामुळंच ते बसत नव्हतं आणि ते बसावं म्हणून तो थांबला होता.

हेवा हा शब्द लिहायला बरा दिसतो. खरं म्हणजे मी जळत होतो. बायाबापड्या त्याच्यासाठी पेरू घेऊन यायच्या, त्यावर मी जळायचो. तो गाढ झोपायचा, त्यावरही. पडद्याआड उभा राहून मी त्याचा एकेक 'जाऊ का' ऐकायचो आणि मागं कडब्याच्या गंजीआड जाऊन तसाच म्हणून बघायचो. तसा तो कधीच आला नाही. माझ्या तोंडून तो प्रश्न निघाला की त्यात विचारणं नसायचं, मागणं असायचं.

शेवटी एका दुपारी मी सांगलीच्या पोस्टातून कार्ड आणलं आणि म्हादूच्या आईनं गावच्या शाळामास्तरकडून लिहून घ्यावं तसं लिहिलं. चिरंजीव महादूस आशीर्वाद. तुझी फार आठवण येते. आता निघून यावे. यात खोटं काय, असं मी मलाच विचारलं. तिला आठवण येतच असणार. तिथल्याच पेटीत कार्ड टाकलं आणि बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवलो.

तिसऱ्या दिवशी कार्ड आलं ते एक कोपरा गेलेलं.

आपल्याकडं मरणाचं कार्ड कोपरा फाडूनच धाडतात. वाचता येत नाही त्यालाही हातात घेताच कळावं म्हणून. ते घरात आणायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. मी कोपरा फाडला नव्हता, आईची शपथ. आमच्याकडं दोरीवर चालणारी एक शेळी होती, ती मॅनेजरच्या टेबलावरचं टपाल चघळायची. माझा संशय तिच्यावर आहे. पण म्हादूला शेळी कुठली ठाऊक? तो तंबूबाहेर उन्हात उभा होता, कार्ड अंगापासून लांब धरून.

"शंकर," तो म्हणाला, "वाच रं." आणि लगेच, "नगं. ऱ्हाऊ दे. माजं दुसरं कोन हाय घरात?"

मी कार्ड हातात घेतलं. माझंच अक्षर. एक वाक्य पुरलं असतं. अरे, शेळीनं खाल्लंय, म्हातारी खुशाल आहे, तुला बोलावतीय. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते बोललो तर तो हसेल, मग मॅनेजरकडं रजा मागेल, चार दिवस जाऊन परत येईल, आणि लोक पुन्हा 'नको' म्हणून ओरडतील. हे सगळं मी तेवढ्या वेळात बघितलं. मग मी कार्डाचे चार तुकडे केले. रीतच आहे तशी.

म्हादूनं हत्तिणीच्या बादलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. रडला नाही. ओल्या अंगानंच सदरा चढवला, स्वतःचं गाठोडं बांधलं. आत तीनच्या शोचा बँड सुरू झाला होता. फाटकाशी जाऊन तो वळला आणि मला म्हणाला, "जाऊ का माघारी?"

या खेपेला तो मला विचारत होता. मी म्हणालो, "जा."

दुसऱ्या दिवशी मी काय केलं, ते सांगायलाही लाज वाटते. म्हादूच्या भुवया माझ्या कपाळावर ओढल्या, गाठोडं घेतलं आणि रिंगणात गेलो. लोक बघताच हसले. मी तोंड उघडलं आणि हसणं थांबलं. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "ह्यो न्हवं! त्यो कुटं हाय?" तो गावी पोचलाही नसेल आणि इथं माझं तोंड बघून आलेलं हसूही त्याच्या नावावर गेलं.

उस्ताद पडद्यामागं उभे होते. मला वाटलं, आता मारणार. त्यांनी ओल्या पंच्यानं माझ्या भुवया पुसल्या, अगदी सावकाश. म्हणाले, "म्हादू आत आसला की तू पडद्याआडनं त्येला बगायचास. आन् मी तुला बगायचो. लय हसू यायचं मला. त्वांड वाकडं, मुठी आवळल्याल्या. लोकं टाळ्या वाजवत्यात आन् ह्यो दातवठ खातोय. त्येच घिऊन जा की आत. न्हाईतरी तुज्यापाशी दुसरं काय हाय?" आणि डाव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून खाली, त्यांनी एक वाकडी रेघ ओढली. माझी रेघ.

त्या दिवसापासून मी कुणाची नक्कल केली नाही. पैलवानानं वजन उचललं की मी कोपऱ्यात उभा राहून माझाच दंड चाचपायचो. झोपाळ्यावरच्या पोरीला टाळ्या पडल्या की मी मध्ये घुसून वाकून वाकून त्या घ्यायचो. हत्तिणीच्या गळ्यात हार घालायला कुणी आलं की आधी माझी मान पुढं. शेळी दोरीवरून चालून गेली की मी रुसून रिंगणाबाहेर जायचो आणि कुणी बोलवत नाही म्हणून परत यायचो. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. मला ठाऊक होतं, ते का हसतात. प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी म्हादू बसलेला असतो.

गावाहून आईचं पत्र आलं, मास्तरच्या हातचं. म्हादू पोचला, त्याची आई हरखली, तू कधी येतोस. कार्डाबद्दल एक अक्षर नाही. त्या न लिहिलेल्या अक्षरानं मी वर्षभर धास्तावलेला होतो.

पुढच्या वर्षी तंबू साताऱ्याला लागला. दुपारचा शो. हाराला मान पुढं केली आणि गॅलरीतून एक हसणं ऐकू आलं. ते मी बैलांच्या मागं, विहिरीवर, जत्रेत ऐकत वाढलो होतो. म्हादू! आणि त्याच्या शेजारी पदर तोंडाला लावून हसणारी त्याची आई, जिला मी कार्डावर मारलं होतं. मी पुढचं सगळं विसरलो आणि मान पुढं काढून तसाच उभा राहिलो. लोकांना वाटलं, हाही खेळच.

शो सुटल्यावर दोघं मागं आली. म्हातारीनं माझ्या रंगवलेल्या गालावरून हात फिरवला, बोटं पांढरी झाली. "लय हसवलंस रं लेकरा," म्हणाली आणि हत्तीण बघायला गेली. म्हादूनं माझ्यापुढं गाठोडं ठेवलं. माझ्या आईचं फडकं, आईच्या भाकरी.

मीच म्हणालो, "म्हादू, ते कार्ड..."

"ठावं हाय," तो म्हणाला. "गावात शिरलो तर आई म्होरं गवऱ्या थापीत बसल्याली. तितंच कळलं मला. तिनं काय कार्ड धाडलं न्हवतं. मग ऱ्हायलं कोन?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? मी तुला सोडाय आलो हुतो. तू धाडलंस म्हंजी तुजं बस्तान बसलं आसंल, आसं समजलो." त्यानं गाठोड्याची सैल झालेली गाठ आवळली. मग म्हणाला, "पर गड्या, वाईपसनं गावापतोर चालताना माजी आई मेल्याली हुती. तेवडी वाट लय लांब झाली."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्याचा हेवाच वाटला. इतकं मोठं मन याच्याकडं कुठून आलं, आणि आमची तर भिंत एकच. फाटकाशी जाऊन तो वळला, आणि या खेपेला हसून म्हणाला, "जाऊ का माघारी?" मला गॅलरीसारखं गळा फाडून ओरडायचं होतं. दुसऱ्या शोची घंटा झाली आणि मी नुसता हात वर केला.

सर्कस पुढं मोडली. मी माधवनगरला गिरणीत लागलो, इथंच संसार झाला, चाळीतली दोन माणसं अजून मला जोकर म्हणतात. गावाकडचं कुणी सांगलीच्या बाजाराला आलं की खबर मिळते. जत्रेत सोंगांचा पहिला मान आता म्हादूचा आहे. गाठोडं घेऊन देवळापुढं उभा राहतो आणि सगळं गाव 'नको' म्हणून ओरडतं. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला उठवून बसवायला म्हादू होता. आईच्या तोंडात शेवटचं पाणी म्हादूनं घातलं. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. घर माझं, आणि घरातला म्हणून लोक त्याचं नाव घेतात. मी अजून जळतो, आता रिंगण नाही एवढंच.

तंबूत असताना मला वाटायचं, जिथं टाळ्या पडतात ते आपलं घर. आता वाटतं, निघालेल्या माणसाला जिथं कुणी 'नको' म्हणतं, तेच घर. ते म्हणायची वेळ माझ्यावर दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी म्हटलं नाही.

म्हादू, हे तुला गावातलं कुणीतरी वाचून दाखवील. कार्ड मुद्दाम धाडत नाही. हा कागद आहे, चारी कोपरे नीट बघून घे. आईचं फडकं माझ्या पेटीत आहे, भाकरी बांधण्याजोगं. या खेपेला सोडायला कुणी नको, मी एकटा येईन. फक्त तू सांग.

येऊ का माघारी?