मस्कतवाले यायच्या आदल्या दिवशी

आमच्या हिने आणि मी शेवटचं एकत्र काय केलं, तर नातीसमोर गिऱ्हाईक होऊन जेवलो. नात रत्नागिरीला हॉटेलचं शिक्षण घेते. सोमवारी मस्कतचे हॉटेलवाले कॉलेजात मुलं निवडायला यायचे होते. म्हणून शनिवारी दुपारी तिने पडवीत टेबल मांडलं, वर धुतलेली चादर घातली आणि आम्हाला समोरासमोर बसवलं. जेवण हिनेच रांधलेलं. कुळथाची पिठी, भात, सुकट.

"मॅडम, सूप आधी आणू का?" नातीने पिठीची वाटी पुढे केली.

"मॅडम तुझी आयस! ह्यांना भात वाढ आधी." ही उठलीच वाढायला.

"आजी, बस गो! गिऱ्हाईक उठत नाय."

बसली, परत उठली. नवऱ्याच्या आधी घास घ्यायची सवयच नव्हती. शेवटी मी ओरडलो, "जेव मुकाट. पोरगी नापास व्हायची तुझ्यापायी."

मग जेवली. वर म्हणते कशी, "तुमच्या हॉटेलातली सुकट खारट आहे हो."

"तूच केलीस," मी म्हटलं.

नातीचे सर सांगतात, आसपासचे देश हळूहळू धंद्यासाठी एक होणार, म्हणून पोरांना सगळीकडे चालेल असंच शिकवायचं. चादरीचा कोपरा मस्कतला दुमडतात तसाच कोलंबोला. मी तिसरी शिकलेला, मला देशांचं कळत नाही. पण आमच्याकडचा माणूस बोटीवर जायचा तो तिथल्या भटारखान्यात शिव्या खात शिकायचा. ही शिकून जाणार. एवढा फरक मला कळतो.

रविवारी पहाटे ही चुलीपुढे बसली ती उठली नाही. डॉक्टर सावर्ड्याहून आला, त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगा मुंबईहून पोचल्यावर दुपारी तिला नेली.

संध्याकाळी भावकीतला थोरला चुलतभाऊ म्हणाला, "घराला सुतक आहे. पोरीने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाय. पुढच्या वर्षी जाईल."

"मस्कतवाले काय तुझ्यासाठी थांबणारेत?"

नात म्हणाली, "मी जात नाय, आजोबा. तुमच्या जेवणाचं कोण बघणार?"

"हा बघेल." मी चुलतभावाकडे बोट केलं. "नायतर मला पेज येते. तुझं सुतक मी धरतो. माझं आणि तुझं, दोन्ही."

"असं कुठं असतं?" चुलतभाऊ म्हणाला.

"आमच्या घरात असतं."

चुलतभाऊ चहा न घेता गेला. तसाही सुतकाच्या चुलीवर चहा कोण ठेवणार?

सकाळी भाऊबंद नदीवर राख सावडायला निघाले. त्यांना म्हटलं, थांबा जरा. नातीची काळी पँट, पांढरा शर्ट पिशवीत घातला आणि तिच्याबरोबर हायवेपर्यंत चालत गेलो. ती रडत होती. एस्टी आली, तिला बसवली. मग नदीवर गेलो.